कूलरचं तोंड

(लातूर, मे महिन्यातली दुपार. टेबलावर प्रेमनं स्वतः जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर उघडा पडलाय. शेजारी त्याच्या नुकत्याच वारलेल्या वडिलांची, अण्णांची, रिकामी खाट. दुरुस्तीला दुकानदार श्रीनाथ आलाय. प्रेमची मोठी बहीण लुंबिनी हिमायतनगरहून, सासरहून आलीय.)

श्रीनाथ : पंखे फिरतायत, उष्णता ओढणारी पेस्ट नवी लावली, तरी पाच मिनिटांत ग्राफिक्स कार्ड नव्वद डिग्रीच्या वर जातंय अन् पडदा काळा होतोय. आता कार्डच खोलून बघतो.

लुंबिनी : बघा भाऊ. गेम गेला चुलीत. मला तेवढे अण्णांचे फोटो काढून द्या. रविवारी त्यांचं पुण्यानुमोदन हाय, भन्तेजी येतील, अन् भिंतीवर लावायला एक धड फोटो न्हाई आमच्याकडं.

श्रीनाथ : फोटो निघतील, ताई. प्रेम, हे काय रे आत?

प्रेम : धूळ असंल.

श्रीनाथ : धूळ ब्रशनं जाते. हे खरवडावं लागतंय. पांढरं, टणक. मशीनजवळ पाणी ठेवतोस का?

प्रेम : न्हाई.

लुंबिनी : दाखवा बरं. हा तर बोअरच्या पाण्याचा क्षार. आमच्या बादल्यांना असाच धरतो.

श्रीनाथ : मग कूलरचाच. उन्हाळ्यात अशी मशीनं लई येतात माझ्याकडं. कार्ड तापलं की पोरं कूलर ओढून समोर लावतात. वाऱ्यासोबत पाण्याचे बारीक थेंब आत जातात, पाणी सुकतं, क्षार राहतो. मग हवा जायला जागाच उरत नाही. हे एका दिवसाचं नाही, ताई. महिनाभराचं तरी असेल.

लुंबिनी : घरात कूलर एकच हाय, भाऊ. लकवा झालेल्या माणसासाठी मी आणून दिलेला.

श्रीनाथ : मी हार्डडिस्क काढून दुकानावर नेतो. फोटो तिथंच काढतो. येतो, ताई.

लुंबिनी : गेला तो. आता बोल. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मला कूलरचं तोंड खाटेकडं दिसायचं.

प्रेम : तुझा फोन यायच्या आधी फिरवायचो.

लुंबिनी : अन् अण्णा गेले त्या दिवशी? लाईट गेली होती म्हणालास. मी गल्लीला तेच सांगितलं, भन्तेजींना तेच सांगितलं.

प्रेम : लाईट होती. पुण्याच्या गेमिंग टीमची निवड होती, अक्का. कार्ड अठ्ठ्याऐंशीवर गेलतं. म्हटलं, एक तास फिरवू. मग पुढचा डाव लागला, मग त्याच्या पुढचा.

लुंबिनी : झाली का निवड?

प्रेम : न्हाई. शेवटच्या डावात मशीन बंद पडलंच.

लुंबिनी : अण्णांनी काही खूण केली का?

प्रेम : कानाला हेडफोन होता. एकदा वळून बघितलं तर डावा हात हलवायले होते. मला वाटलं, माशा हाकलायलेत.

लुंबिनी : चव्वेचाळीस डिग्री होतं. वर पत्रा. माणसाला कूस बदलता येत न्हाई, बोलता येत न्हाई. तुझ्याकडं बघायची इच्छा होईना मला, प्रेम. अन् तू माझाच भाऊ, मीच अंगाखांद्यावर वाढवलेला. एकदा उठून जावं वाटलं न्हाई तुला?

प्रेम : कार्डाचा आकडा पडद्यावर दिसत होता, अक्का. सारखा त्याच्यावरच डोळा होता माझा. अण्णांचा कुठं दिसत होता?

लुंबिनी : तो अंगाला हात लावून कळतो.