खांद्यावरचा बर्फ

पासपोर्टचे फोटो न्यायला देवकी सदर बाजारातल्या स्टुडिओत येऊन बसली, तर काउंटरपाशी खापा गावचं एक वयस्क विणकर जोडपं उभं. फोटोवाला जुन्या टूथब्रशवर पांढरा रंग घेऊन त्यांनी आणलेल्या फोटोवर शिंपडायला तयारच होता.

"पोरगा कवडू फौजेत हाये, भाऊ, लडाखले. तिकडून काही फोटो येत नाही. म्हटलं, हा अंगणातलाच बर्फात करून घ्यावा."

"बर्फ बारीक टाकू का मोठा, काका?"

"आम्ही कुठं पाह्यला? भागीरथा, चिठ्ठीत काय लिहिलं होतं वं त्यानं?"

"मागावर बसलं का रुई उडते ना, तसा पडते म्हणे. आवाज नाही होत."

"मंग बारीकच टाकतो. हे पाहा, झाला."

"आता दिसते लडाखचा."

"इकडं द्या जरा."

भागीरथाबाईंनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि पदराच्या टोकानं हलकेच पुसला.

"अवं, काय करून राहिली? रंग ओला हाये."

"खांद्यावर रुई बसली होती."

"रुई नोहे वं ते. बर्फ हाये."

"मागावरून उठला का माझ्यापुढं येऊन उभा राहे. मी झटकल्याबिगर जेवाले बसे नाही."

देवकीच्या फोटोंचं पाकीट केव्हाचं काउंटरवर आलं होतं. तिनं ते उचललं नाही.

"राहू द्या, काकू. पुन्हा टाकून देतो."

"टाका, भाऊ. खांदे तेवढे सोडून टाका."