आबांच्या तोंडून

तुम्हाला वाटत असंल, आता हा सुरू करंल, गरिबी होती, फाटकी चड्डी होती, नाटकापायी घरातून पळालो. तसलं काय नाय बरं का. चड्डी चांगली होती, आणि पळायचं कशाला, निफाडवरून नाशिकला एसटी हाय ना. वडील ट्रॅक्टरवर, आई दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत कामाला, आणि मी हेडमास्तरांच्या आवाजात शाळेला सुट्टी देणारा. एकदा खरंच अर्धी शाळा घरी गेली. लय मार खाल्ला, पण काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी कळलं, आपल्या गळ्यात कायतरी हाय.

त्याच गळ्यावर नाशिकला आबांच्या नाटक कंपनीत घुसलो. आबा म्हणजे मालक तेच, हिरो तेच, लोक बाहेर पाया पडायचे, आम्ही आत. आधी मी भालदार, मग नोकर, मग मरणारा नोकर, म्हणजे बढतीच की. मग आबांनी पिक्चर काढला, त्यात मला हिरोच्या मित्राचा रोल, चांगले सहा सीन. मी गावभर सांगितलं. आईनी बागेतल्या बायका गोळा केल्या, छाटणी सोडून सगळ्या थेटरात. आणि पडद्यावर मी तोंड उघडलं तर आवाज दुसऱ्याच कोणाचा. आई म्हणली, किरण, तुला सर्दी झालती का रं? बायका हसल्या. मी नाय हसलो.

विचारायला गेलो तर मेकअप रूममधी, सगळ्यांच्या देखत, आबा म्हणले, अरे, तुझ्या आवाजाला कांद्याचा वास येतो, म्हणून डबिंगला बदलला. मी हो आबा म्हणलो, घरी आईला तेवढं सांगितलं आणि वाक्य पाठ करून ठेवलं. पाठांतर चांगलं हाय आपलं. रोज एसटीत खिडकीकडं तोंड करून ते वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणायचो, ते खाकरणं, तो दम, ते शेवटी नाकातून सोडलेलं हसू, सगळं घासून घासून चकाचक केलं. शेजारचे उठून दुसऱ्या सीटवर जायचे.

आणि मागच्या महिन्यात देव पावला. रविवारचा दुपारचा प्रयोग, हाउसफुल, आणि सकाळीच आबांचा घसा बसला, शब्द फुटंना. मॅनेजर म्हणला, किरण, तू विंगेतून माईकवर बोल, आबा नुसते ओठ हलवतील. आबांनी मला हात जोडले. मी म्हणलो, आबा, तुम्ही काळजीच करू नका. आणि आईला फोन लावला, ये लगेच, आज आबांच्या तोंडून माझा आवाज ऐक.

दोन अंक असा बोललो की आबाच वळून वळून बघत होते. शेवटी आबा मरणारा बाप, लेकाच्या डोक्यावर हात, हॉल एकदम चिडीचूप. वाक्य होतं, पोरा, सुखी राहा. मी खाकरलो, अगदी त्यांच्यासारखा, आणि म्हणलो, पोरा, एका पोराचा आवाज मी कापला रे, म्हणलो त्याला कांद्याचा वास येतो. आबांचे ओठ हलायला लागले होते, ते मधीच अडकले. मला वाटलं, आता पडला उघडा. तर म्हाताऱ्यानी हळूच तोंडावर हात धरला, खाली बसला, खांदे हलायला लागले. आणि टाळ्या! लोक उभे राहून टाळ्या! सांगा आता, सूड मी घेतला आणि टाळ्या तेच घेऊन गेले. खरं रडले का ॲक्टिंग केली, मला अजून कळलं नाय. आत आल्यावर बोलायला घसा कुठं होता त्यांना, नुसतं आरशातून माझ्याकडं बघत रंग पुसत राहिले. दुसऱ्या प्रयोगाला मला बोलावणं आलं नाय, अजून नाय.

पण आईचा घसा ठणठणीत होता. थेटराच्या पायऱ्यांवर लोकांत धरून झाडलं मला. म्हणली, लाज नाय वाटत, तुझ्या भरवशावर उभा होता ना तो तिथं? मी म्हणलो, आई, त्यांनी माझा आवाज खाल्ला होता. ती म्हणली, आणि आज कोणी खाल्ला? लेकाचा आवाज ऐकायचा म्हणून आजचं काम बुडवून आले मी, आणि तीन तास त्या म्हाताऱ्यालाच ऐकत बसले. तू कुठं होता रं, मुडद्या?