पाठ झालेला तक्ता

मी पारोळ्याकडचा, घरात पहिला शिकलेला मीच, आणि पहिला शिकलेला म्हणजे काय सांगू तुम्हाला, त्याला वाटतं आपल्याला बठ्ठं कळतं. डी.एड. करून गुरुजी झालो, गावातल्याच शाळेत लागलो. पाढे माझ्याइतके कुणी घोकून घेत नसे, तोच माझा तोरा.

तेव्हा डोळे तपासायचा तक्ता आला. वरती मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणारी. साहेब येणार, पोरं अडखळली तर शाळेची शोभा होईल म्हणून या शहाण्या गुरुजीनं काय करावं, तर तो तक्ता पाढ्यांशेजारी टांगला आणि आठ दिवस रोज घोकून घेतला. एकही पोर अडखळलं नाही. साहेब म्हणाले, व्वा गुरुजी. दुसरीतल्या रेखानं तर उजवा डोळा झाकून शेवटची ओळ खिडकीकडं तोंड करून म्हटली, आणि मी, मूर्ख, म्हटलं पोरगी हुशार आहे.

पुढं ती पोलीस भरतीला धुळ्याला गेली. धावण्यात पहिली, डोळ्यांत नापास. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आळशी पडला, लहानपणी चष्मा लावून, चांगला डोळा झाकून त्याच्याकडून काम करून घेतलं असतं तर सुधारला असता, आता उशीर झाला. तिचे वडील मला येऊन सांगून गेले, रागावलेसुद्धा नाहीत, नशीब म्हणाले. मी मान हलवली. नशीब कसलं, मी होतो.

मागच्या वर्षी आई गेली, सगळे तिला अक्का म्हणायचे. जळगावला फोन लावून मी तिचे डोळे दिले. भाऊबंद म्हणाले, अक्का पुढल्या जन्मी आंधळी येईल. मी त्यांना अडाणी म्हणालो. आणि मग गावानं शाल दिली, नारळ दिला, भाषणात मला डोळस गुरुजी म्हणाले, आणि मी ती शाल घेतलीसुद्धा, काय माणूस असतो बघा.

दुसऱ्या दिवशी रेखाकडं गेलो, सगळं कबूल केलं. ती लग्न होऊन गावातच आहे, साड्यांना फॉल लावते, सुई उजव्या डोळ्यासमोर धरून. तिनं विचारलं, अक्काचे डोळे मला चालले असते का. मी डॉक्टरांना विचारूनच आलो होतो. नाही म्हटलं, डोळा देतात म्हणजे बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा देतात, तुझा तो चांगलाच आहे, अडचण तिथं नाही. ती सुईत दोरा ओवत राहिली, मग म्हणाली, गुरुजी, तो तक्ता मले आजून पाठ शे.

आता माझ्या शाळेत तक्ता कपाटात असतो, गुंडाळून. एकेक पोर आत बोलावतो, बाकीची लांब पटांगणात. रेखाची मुलगी यंदा पहिलीत आली आहे, सोमवारी तिची तपासणी. दुसरं काही मागणं नाही, तिची नजर चांगली असू दे, आणि नसेलच, तर माझ्यासमोर ती अडखळू दे.