चोवीस तासांची ओल

(अकोल्याच्या एमआयडीसीतला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. मागच्या अंगाची चाचणीची खोली. मे महिन्यातली दुपार. सुरैय्या इथली प्रमुख. देवीदास खोकी उंचावरून आपटून पाहतो. माल दुकानांना पाठवायचं काम मनोजकडे. आतल्या बाजूला मुद्दाम दमट ठेवलेली, ‘ओलीची’ बंद खोली. नुकतीच एक पेटी धप्पदिशी फरशीवर पडली आहे.)

सुरैय्या : ही अकरावी होती, देवीदासभाऊ.

देवीदास : हाव.

सुरैय्या : कागदावर दहा आहेत. एक कोना, तीन धारा, सहा बाजू. झाल्या दहा.

देवीदास : दहा तुमच्या कागदाच्या. अकरावी माही.

सुरैय्या : दोन वर्षं ऐकते आहे मी. आज विचारीन, उद्या विचारीन, असं करत राहिले. अकरावी सोडताना तुम्ही मान फिरवून घेता.

देवीदास : तुमचा नंबर त् बिघडत नाई न त्यानं? सारं लिहून झाल्यावरच सोडतो मी.

सुरैय्या : नंबर नाही बिघडत. मी बिघडते. घरी भाकरी थापताना हात मधेच थांबतो माझा. कान लावून बसते, आता अजून एक वाजेल म्हणून. अम्मी म्हणते, कुणाची वाट पाहतेस गं?

देवीदास : मंग सांगतो. पन कोनापाशी बोलू नका. नत्थुदादा होता तवा आमी दोघं भाऊ मिळून हे काम करत होतो. मी पेटी सोडो, दादा मोजे. मोजे म्हंजे काय, गाये.

सुरैय्या : आठवतं. जात्यावरच्या चालीत. शब्द नाही आठवत सगळे.

देवीदास : एक आदळ कोन्यावर, सांग पेटी दुखलं का.
तीन आदळी धारेवर, काळीज तुह्यं चुकलं का.
सहा आदळी अंगावर, अंग तुह्यं झिजलं का.
दहा झाल्या, ऊठ बाई, घर तुह्यं दिसलं का.

सुरैय्या : घर म्हणजे?

देवीदास : दुकान. पेटीचं सासर म्हने दादा त्याले. माहेरी मार खाल्ला का सासरी टिकते, म्हने. वयनी चिडे त्याच्यावर.

सुरैय्या : मग अकरावी कुठून आली?

देवीदास : दोन वर्षांआंधी थो सरबताच्या बाटल्यांचा स्टँड तपासला, थ्या दिवशी दादा चहा आनाले गेला होता. मी एकटाच आपटून राह्यलो होतो. मधात पोरीचा फोन आला. बोललो दोन मिनटं. परत आलो त् समजेच ना, पाच बाजू झाल्या का सहा. दादा दारातून म्हने, झालं का बे? म्या म्हनलं, झालं.

सुरैय्या : देवीदासभाऊ...

देवीदास : थे एक आदळ राह्यली, बाई. थे आदळ दादाच्या अंगावर पडली.

सुरैय्या : असं नका म्हणू.

देवीदास : मंग कसं म्हनू? वयनीच्या भाच्याचं लगन होतं परतवाड्याले. दादानं माणिकवयनीले मुद्दाम बजारात नेलं. चाल म्हने, तुले दाखवतो, म्या दहा डाव आपटलेली पेटी कशी दुकानात नवरीसारखी उभी हाय. चार फळ्यांचा पुठ्ठ्याचा स्टँड, काचेच्या बाटल्यांनी भरलेला. तुमाले त्याची सवय म्हाईत होती. पास झालेल्या पेटीच्या पाठीवर थाप मारे, बैलाले मारते तशी. तशीच मारली. साठ किलो काच गळ्यावर आली. अमरावतीच्या दवाखान्यापावतर बी नाई पोचला.

सुरैय्या : ...ऐकलंत?

देवीदास : काय?

सुरैय्या : आतून. ओलीच्या खोलीतून. कुणी बोटं मोडल्यासारखं.

देवीदास : कागद हाय थो. सकाळी अकराले तुमीच त् नवा स्टँड ठेवला आत. ओल प्याला का पुठ्ठा बोलते. दादा म्हने, पुठ्ठा म्हंजे मेलेलं झाड. पानी भेटलं का त्याले जुनं आठवते.

सुरैय्या : मला पावलं वाटतात. कुणी आत उभं आहे आणि वजन या पायावरून त्या पायावर घेतंय.

देवीदास : तुमी बी लय भेता आजकाल. अन् हे खोली त् सोडत नाई. आंधी म्हैन्यातून दोनदा कुलूप निंगे तिचं. आता मिठाईच्या डब्बीले बी चोवीस घंटे.

मनोज : (दारातून आत येत) मॅडम! फोन का उचलत नाही? तीन वेळा केला.

सुरैय्या : काम चालू होतं, मनोजभाऊ.

मनोज : काम कुठं दिसत नाही, गप्पा दिसतात. ट्रक गेटवर लागलाय. चाळीस स्टँड भरले. अमरावतीचं गोडाऊन, तिथून तिवसा, परतवाडा. रिपोर्ट द्या, मी निघतो.

सुरैय्या : रिपोर्ट उद्या अकरा वाजता.

मनोज : उद्या? आपटून झालं, हलत्या टेबलावर ट्रकसारखं तीन तास हलवून झालं, वरून दाबून झालं. सगळ्यात पास. अजून काय, त्याची कुंडली काढायची?

सुरैय्या : ओलीत ठेवलेला नग अजून आत आहे. चोवीस तास व्हायचेत. मग त्यालाही दाबायचं. दुकानवाल्यांच्या अटींत लिहिलंय तसं.

मनोज : अटी मुंबईच्या माणसानं लिहिल्यात, मॅडम. तिकडं भिंतीला बुरशी येते. इथं शेहेचाळीस डिग्री आहे! माठातलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. अकोल्यात मे महिन्यात ओल येणार कुठून?

सुरैय्या : हे वाक्य माझं आहे.

मनोज : काय?

सुरैय्या : दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत, शब्द न् शब्द मीच बोलले होते तुमच्याशी. तुम्ही हसला होता. म्हणाला, शिकलेल्या बाईचं हे असं असतं, लगेच मुद्द्यावर.

मनोज : ...देवीदास, जरा बाहेर जा. ड्रायव्हरला पाणीबिणी विचार.

देवीदास : थो पेते न बाप्पा त्याच्या हातानं.

मनोज : जा म्हटलं न!

सुरैय्या : नका जाऊ. देवीदासभाऊ, बसा. त्या स्टुलावर बसा.

मनोज : मॅडम, मी सांगून ठेवतो. झालं ते झालं. पोलीस येऊन गेले, दुकानदाराचा जबाब झाला, अपघात म्हणून फाईल बंद आहे.

सुरैय्या : फाईल बंद आहे. माझे कान उघडे आहेत. भाऊ, नत्थुजींच्या चाळिसाव्यानंतर मी परतवाड्याला गेले होते. एकटी. आमच्यात चाळिसावा असतो म्हणून मी दिवस मोजले. तुमच्या घरी यायची हिंमत नव्हती, म्हणून त्या दुकानात गेले.

देवीदास : काहून?

सुरैय्या : स्टँड कुठं उभा होता ते पाहायला. दुकानदारानं बोटानं दाखवलं. कूलरच्या तोंडासमोर. उन्हातून आलेलं गिऱ्हाईक पहिलं कूलरपुढं उभं राहतं, म्हणून सरबतही तिथंच ठेवलं. नऊ दिवस. सकाळी शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाळ्याची ओली हवा त्या पुठ्ठ्याच्या पायांत. वरून कोरडा ठणठणीत, आणि तळ दुधात भिजवलेल्या भाकरीसारखा.

देवीदास : म्हंजे थापेनं...

सुरैय्या : थाप नसती मारली तरी पडला असता. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी.

देवीदास : अन् माही आदळ?

सुरैय्या : तिचा काही संबंध नाही. तुम्ही पाच बाजू आपटा नाही तर पन्नास. आपटून हे कळलंच नसतं. ते फक्त त्या खोलीत कळलं असतं. चोवीस तासांत तळ मऊ पडला असता, आणि आपण पाय बदलून दिले असते. मेणाचा थर दिला असता. एवढंच. देवीदासभाऊ, मी तो आत ठेवलाच नाही.

मनोज : मॅडम, बस.

सुरैय्या : एक तासही नाही. आदल्या वर्षीच्या रिपोर्टातून आकडे उतरवले. किती ओल, किती तास, सगळं. तुम्ही आपटायला घेताना विचारलं होतं मला, बाई, ओलीतून निंगला का हा? मी म्हटलं, हो. आणि सही करायला घरी नेला कागद. आमच्या घरच्या कूलरपुढं बसून सही केली मी. कपाळावर गार वारं येत होतं, आणि मला वाटत होतं, या गावात ओल कुठं आहे.

मनोज : एकट्या तुमची नव्हती सही.

सुरैय्या : नाही. खाली तुमची होती.

मनोज : मला काय आनंद झाला होता का? अमरावतीहून परतवाड्याला कामानं जायचं असलं तर मी त्या बजारातून गाडी घालत नाही. मागच्या गल्लीतून जातो, दोन वर्षं. पण मालकांना, पंजाबरावजींना हे सांगता येतं का? चाळीस दुकानं आज गेली की कायमची गेली. अख्ख्या कारखान्यानं बसून रडायचं का?

सुरैय्या : रडू नका. एक दिवस थांबा. उद्या अकराला काढते, दाबते. टिकला तर सही. नाही टिकला तर तेही लिहिते, आणि त्याखाली माझं नाव.

मनोज : आणि पंजाबरावजींनी दुसऱ्या कुणाकडून सही घेतली तर?

सुरैय्या : तर दुकानवाल्यांना मी फोन करीन. आजच. मागचंही सांगीन.

मनोज : तुमची नोकरी जाईल हे कळतंय न?

सुरैय्या : कळतंय.

मनोज : ...उद्या अकरा म्हणजे अकरा. मी ट्रक सावलीत घ्यायला सांगतो. साहेबांना काय सांगू ते अजून सुचत नाही. देवीदास, मी... जाऊ दे.

देवीदास : गेले.

सुरैय्या : हं.

देवीदास : दोन वर्षं, बाई.

सुरैय्या : हो.

देवीदास : रोज गेटातून आत येतांनी दादाची माफी मांगो मी. चपला काढून. वॉचमन हासे. म्हने, मंदिर हाय का बे हे? अन् तुमी ह्या खुर्चीवर बसल्या रायत.

सुरैय्या : तुम्ही स्वतःवर घेतलंय हे मला माहीत नव्हतं. अल्लाची शपथ, आज कळलं. पण माझं मला माहीत होतं. ते सांगायला हवं होतं.

देवीदास : मंग काहून नाई सांगतलं?

सुरैय्या : आधी नोकरीची भीती. मग तुमची. मग इतके दिवस झाले की त्या दिवसांचीच भीती.

देवीदास : पोरीचा फोन उचलनं सोडला म्या. तिचं नाव दिसलं का मोबाईल पालथा ठेवो. म्हनो, कामात हाय, मंग करतो. करतच नाई. थिले वाटते बापानं टाकलं. थिले लेकरू झालं माघ म्हैन्यात, बाई. म्या नाई पाह्यलं अजून.

सुरैय्या : लेकरूही नाही पाहिलंत? माझ्यामुळं, भाऊ.

देवीदास : रडू नका. तुमी रडल्या त् मले तुमची कीव येईन, अन् आज मले कीव नाई करायची.

सुरैय्या : नाही रडत.

देवीदास : वयनीले काय म्हाईत हाय याच्यातलं?

सुरैय्या : काहीच नाही.

देवीदास : थे वेगळंच धरून बसली. म्हने, मीच म्हनलं होतं त्याइले, इतली पेटी पेटी करता, दाखवा तरी एक डाव. म्हने, माह्या हौसेनं गेला मानूस. दोन उन्हाळे झाले, घरात कूलर लावू देत नाई. त्याचा आवाज आला का दुकान दिसते म्हने. पोरगा, सून घामानं भिजून राह्यते, पन लावत नाई.

सुरैय्या : अजून अमरावतीला राजापेठेतच आहेत?

देवीदास : हाव. पोराजवळ.

सुरैय्या : तुम्ही सांगाल त्यांना?

देवीदास : माह्या तोंडून नाई निंगनार. ज्याचं त्यानं सांगाव.

सुरैय्या : मी सांगते. उद्या अकराचं काम झालं की—

देवीदास : उद्या नाई. उद्या काम राह्यते, परवा ऊन राह्यते. आज. सव्वातीन झाले, चारची अमरावतीची बस भेटते. दिवस असतांनीच पोचतो.

सुरैय्या : घरात घेतील मला?

देवीदास : म्हाईत नाई. दारात उभं करन. पानी बी इचारनार नाई कदाचित. शिव्या देईन, थे आईकून घ्याच्या. मधात बोलाचं नाई.

सुरैय्या : नाही बोलणार.

देवीदास : अन् कूलरचं आंधी सांगा. सहीचं मंग. पयले थिले समजू द्या का थिची हौस नोती थे.

सुरैय्या : हो. बसमध्ये... तुम्ही माझ्याजवळ बसाल?

देवीदास : नाई. मागं बसन. आज मले तुमच्यासंगं नाई बोलता येनार.

सुरैय्या : बरं.

देवीदास : तुमी ड्रायव्हरच्या अंगाले बसजा. थ्या बाजूनं ऊन नाई येत.