सावंतकाकांचं लोटांगण

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत सावंतकाकांना फार भाविक समजतात, ते एका गोळीमुळे. चहा येतोय तोवर ऐका.

छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी काकांच्या खिशात कायम असते. गेल्या गणपतीत आरती चालू असताना त्यांना कळ आली. आरती सोडून मधेच निघणं बरं दिसत नाही, म्हणून टाळ्या वाजवता वाजवता त्यांनी उभ्यानेच गोळी जिभेखाली ठेवली. थोड्या वेळाने कळ थांबली, पण प्रेशरही धाडकन उतरलं आणि काका गणपतीपुढे सपशेल पालथे पडले.

आरती नेमकी लोटांगणाच्या ओळीवर आली होती.

"वा! याला म्हणतात भक्ती," मागून कोणीतरी म्हणालं. शेजारचे पाटील लगेच सावंतकाकांच्या पाया पडले. मग मीही पडलो. तेवढ्यात प्रसादाचं ताट घेऊन काकू आल्या आणि ओरडल्याच, "अहो, आमच्या लग्नात हा माणूस माझ्या वडिलांपुढे वाकला नव्हता, लोटांगण कसलं घालतोय! उताणे करा त्यांना, पाय वर धरा!"

पाय वर धरल्यावर काकांनी डोळे उघडले. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, "ही गोळी बसून घ्यायची असते, काका."

"आरती चालू असताना बसायचं? लोक काय म्हणाले असते?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणतायत काय? पाया पडत होते तुमच्या. मेलेल्या माणसाच्या पडतात तसे."