तिसऱ्या दिवशीचा भात

सरपंच, तुमी आत्ता माइकवर म्हणलात, सुमन देवाला आवडली. तसं न्हाई. माझी सून भात खाऊन मेली. भात माझ्या घरचा होता. देवाचं नाव मधी काहून घेता?

आता रामराम समद्यांना. बचत गटाच्या बायांनी ही सभा ठेवली, उन्हातून आलात, बसा. मला बोलायला जमत न्हाई, दुसरीतून शाळा सुटली. रडायलाही जमत न्हाई. तवा त्याची वाट बघू नका.

आमच्या घरचा नेम तुमाला ठाव हाय. महालक्ष्म्यांच्या जेवणाचं अन्न उंबऱ्याबाहेर जात न्हाई. गाईला न्हाई, कुत्र्याला न्हाई. घरच्यांनीच संपवायचं. घरच्यांनी म्हणजे कोणी? माझ्या लेकाला, बबनला, दुसऱ्या दिवशी ताजी भाकर लागती. मला दात न्हाईत, मी दूध-भाकर खाल्ली. राहिली कोण?

तिसऱ्या दिवशी तिनं पातेल्यावरचं फडकं काढलं. भाताला तार सुटली होती. म्हणली, "आत्या, याला वास येऊन राहिला."

मी म्हणलं, "मीटिंगला जाऊन आलीस की तुझं नाक वाढतंय. कढी घाल अन् उकळी दे. उकळीत समदं मरतंय."

"टाकू का उकिरड्यावर?"

"महालक्ष्म्यांनी खाल्लं, तुला खाली उतरत न्हाई?"

हे मी बोलले. मीच. दुसऱ्या कोणी न्हाई.

तिनं उकळी दिली. पोरीनं ताट पुढं केलं, तर तिला म्हणली, तू शेंगदाणे खा. माझ्या नातीला तिनं त्यातलं एक शीत दिलं न्हाई. म्हणजे तिला कळत होतं. कळत होतं अन् मी समोर बसले होते, म्हणून तिनं खाल्लं.

दिवस मावळायच्या आत उलट्या लागल्या, मग जुलाब. इथल्या काही बाया कुजबुजून राहिल्यात की सुमननं नैवेद्याला नाक मुरडलं म्हणून देवी कोपली. चंद्रकला, खाली बघू नको, तुलाच म्हणते. देवीला काय दुसरं काम न्हाई? अन् तुझ्या घरचा शिळा भात कोण खातं? तुझी सूनच ना? तिला इथं का न्हाई आणलीस?

सुमन पाणी मागत होती. मी तांब्या भरून नेला. बबननं माझ्या हातातून घेतला. म्हणला, "आई, जुलाबात पाणी दिलं की आणखी होतात." मी ऐकलं. सुनेचं ऐकायची मला सवय न्हाई, लेकाचं ऐकायची हाय. तिची जीभ लाकडावानी झाली तरी तांब्या बबनच्या मांडीपाशी होता.

जीप मिळाली, हिंगोलीला नेली, तवर हात-पाय गार. तिथल्या शिस्टरनं इचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं. म्हणली, "मावशी, भात असा राहिला की त्यात जंतू विष सोडतात. उकळून ते जात न्हाई." मग इचारलं, "अन् पाणी? साखर-मिठाचं पाणी का न्हाई पाजलं?" मी बबनकडं बघितलं. बबन भिंतीकडं बघत होता.

आज नेम मोडते. यापुढं माझ्या घरातलं नासलेलं अन्न उकिरड्यावर जाईल. देवीला राग आला तर तिनं माझ्याकडं यावं, मी घरीच असते.

ही पुढं बसली ती सुमनची आई. वसमतहून आली. दोन दिवस झाले, एकच इचारते, माझी पोरगी कशानं गेली? कोणी म्हणतं ताप, कोणी म्हणतं नशीब. भाताचं मी तिला तोंडावर सांगितलं. ती मला काय म्हणली ते आमच्या दोघीत राहू द्या.

आता तुमी दोन मिनिटं गप उभं राहणार. थांबा, कोणी उठू नका. बबन, तू ऊठ. माइकपाशी ये. तांब्याचं तिला तू सांगायचं. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं न्हाई.