पहिल्याच धड्यात अडकलेल्या बाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, वेळात वेळ काढून येतो म्हणाले आणि खरोखरच आले ते प्रमुख पाहुणे, संस्थेतले माझे सहकारी, मागच्या रांगांत बसलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या बाई,

बाईंच्या हातात या क्षणीसुद्धा घड्याळ आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत, त्यातलं अर्धं नमस्कारात गेलं, हे त्यांनी टिपलंही असेल. सव्वीस वर्षांची सवय एका पुष्पगुच्छाने जाते थोडीच?

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आपल्या संस्थेत परकी भाषा शिकवणाऱ्या शिकाऊ शिक्षकाचा पहिला धडा जो तपासतो, त्याला ती भाषा येता कामा नये. ज्याला काही येत नाही त्याला समजलं, तरच शिकवणं खरं. स्पॅनिशपुरतं हे अज्ञान सांभाळायचं काम बाईंकडे होतं. शेवटचा बाक, मांडीवर वही आणि वहीत दोन रकाने. डावीकडे शिक्षक काय बोलला, उजवीकडे वर्ग काय बोलला.

बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा शिकवलं तेव्हा डावा रकाना सहा पानं भरला. उजवीकडे एक खोकला होता. दुसऱ्या खेपेला उजवीकडे दोन खोकले आणि ‘पंखा जरा कमी करा’. बाई म्हणाल्या, “प्रगती आहे.” तिसरी संधी शेवटची होती. नापास झालो की घरी. तिकडे वडिलांनी दुकानातली खुर्ची माझ्यासाठी पुसूनच ठेवली होती. “स्पॅनिश शिकवणार म्हणे. आधी घरात चार शब्द बोलायला शीक,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

मग मी काय केलं? आता बारा वर्षं झाली, नोकरीही पक्की झाली, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. मी लबाडी केली. आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना बोलावून ओळीने बसवलं आणि प्रत्येकाकडून एकेका प्रश्नाचं उत्तर घोकून घेतलं. पहिला प्रश्न पहिल्याला, दुसरा दुसऱ्याला. प्रश्न समजायची कुणाला गरजच नव्हती. आपली पाळी आली की उत्तर सोडायचं.

तिसऱ्या खेपेला दोन नंबरच्या खुर्चीवरचे दंतवैद्य आलेच नाहीत. का, तर त्यांची दाढ दुखत होती. हसू नका, माझा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या खुर्चीवरच्या कारकुनांनी नाव ठणठणीत सांगितलं. मग मी विचारलं, कशा आहात? शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या, “अठ्ठेचाळीस.” सगळी रांग एका उत्तराने सरकली होती, पण थांबायचं कसं? मागे बाई लिहीत होत्या. पुढे विचारलं, वय किती? निवृत्त पोस्टमन म्हणाले, “बायको आणि तीन मुली.” घरी कोण कोण असतं? टॅक्सीवाले मामा छाती फुगवून म्हणाले, “एक फळा आणि आठ खुर्च्या.” आणि मी प्रत्येक उत्तराला ‘शाबास’ म्हणत होतो. म्हटलं, बाईंना कुठे स्पॅनिश कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

वर्ग सुटला. बाईंनी वही पुढे केली.

“शाबास चारदा म्हणालास. ऐकलंस किती वेळा?”

“बाई, तुम्हाला कळलं?”

“अरे, हा पहिला धडा मी तुझ्याआधी एकोणतीस जणांकडून ऐकलाय. मामांच्या घरी फळा राहतो, एवढं कळतं मला.”

वडिलांची खुर्ची डोळ्यांसमोर दिसायला लागली. बाई माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसल्या. म्हणाल्या, “आता मला विचार. आणि मी काय सांगते ते ऐक.”

मी विचारलं, कशा आहात? त्यांनी स्वच्छ स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, “दमलेय.”

‘शाबास’ जिभेवर आलं होतं, ते गिळलं. तोंडातून स्पॅनिशमध्येच निघालं, “का?”

बाईंनी वही परत ओढून घेतली. मग मराठीत म्हणाल्या, “हा शब्द दुसऱ्या धड्यातला दिसतोय. मला पहिलाच येतो.” आणि उजव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारला. पास.’

बाई का दमल्या होत्या, ते मी मराठीतसुद्धा विचारलं नाही. पास झाल्याच्या आनंदात घरी पळालो. आजही त्याची लाज वाटते.

पुढे कार्यालयातून कळलं की बाईंनी स्पॅनिशच्या वर्गासाठी तीनदा अर्ज केला होता. तिन्ही वेळा परत आला. त्या शिकल्या तर तपासणार कोण? आम्ही तीस-चाळीस जण त्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या धड्यांना गेलो आणि त्या मात्र शेवटच्या बाकावर पहिल्याच धड्यात राहिल्या.

काल त्यांचा चौथा अर्ज आला. निवृत्त माणसाला नियम लागत नाही, म्हणून तो मंजूर झाला आहे. उद्या सकाळी आठ वाजता, खोली क्रमांक तीन, दुसरा धडा. शिकवणार मी. खरं सांगतो, मला भीती वाटतेय.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. वेळेचं भान राहिलं नसेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर उदार मनाने पोटात घाला. बाई, माझं भाषण डाव्या रकान्यात लिहा. उद्या सकाळी मी एकच शब्द शिकवणार आहे, ‘का’. तो शिकलात की बारा वर्षांपूर्वीचं उत्तर द्या. मी ऐकायला बसलो आहे.